टॉवेलाखाली

रविवार. सांगोल्याचा जनावरांचा बाजार. सकाळचे सात वाजलेत आणि दावणीला खिलारांची ओळ लागलीय. पांढरी धोट अंगं, मागे ओढून घेतल्यासारखी लांब शिंगं, गळ्यात घुंगूरमाळा. काहीजण शनिवारी रात्रीच येऊन टेम्पोत झोपलेत. धूळ, शेण आणि कडबा यांचा मिळून एकच वास झालाय.

दाजींना बैल घ्यायचाय. त्यांच्या जोडीतला एक दिवाळीत गेला, उरलेल्याला जोडीदार हवा. मी नुसता सोबतीला.

तीन दावणी हिंडून झाल्यावर दाजी एका बैलापाशी थांबतात. थांबतात म्हणजे पुढे जातात, तंबाखू मळतात, परत येतात आणि शेजारच्याच बैलाकडे बघत उभे राहतात. बैलाचा मालक, डोक्याला पटका बांधलेला म्हातारा, चार पावलांवर बसलाय. त्याची नजर पाण्याच्या टाकीकडे. बैल जणू दोघांच्याही ओळखीचा नाही. तरी दाजी कासऱ्याला हात घालतात तेव्हा म्हातारा उठून उभा राहिलेला असतो.

दाजी बैलाचा खालचा ओठ ओढतात. दुधाचेच दात असले तर आदत, दोन पक्के आले तर दुसा, चार आले की चौसा, सगळे आठ भरले की जुळला. हा चौसा आहे. मग पाठीवर थाप, शेपटीच्या मुळाशी हात, खूर उचलून बघणं. बैल कान मागे टाकतो, पण पाय झाडत नाही. दाजी माझ्याकडे बघून एक भुवई किंचित वर करतात. मला कळतं. म्हाताऱ्यालाही कळतं, हे माझ्या उशिरा लक्षात येतं.

आता तात्या येतो. तात्या म्हणजे हेड्या, दलाल. त्याच्या खांद्यावर निळ्या काठाचा टॉवेल आहे आणि त्या टॉवेलावरच त्याचं पोट चालतं. तो म्हाताऱ्याचा उजवा हात हातात घेतो, वर टॉवेल टाकतो आणि भांडायला लागतो.

"आबा, बैल इकायचा हाय का परत घरी न्यायचाय?"

"न्हेतो की घरी. माजं काय अडलंय!"

"मग सोडा दावं, जावा!"

दोघांचे आवाज चढलेत, तीन दावणी पलीकडचे लोक वळून बघतायत. टॉवेल मात्र शांत आहे. आत काहीतरी हलतं, थांबतं, पुन्हा हलतं. झोपलेल्या मांजराच्या पोटाइतकंच. तात्या हात सोडून दाजींकडे येतो, त्यांचा हात टॉवेलाखाली घेतो आणि इकडेही तसाच ओरडतो. तोंडाची भाषा सगळ्या बाजाराला ऐकवायची, बोटांची दोघांपुरती. भोवती पंधरा माणसं खांद्याला खांदा लावून उभी आहेत, पण आकडा एकालाही ठाऊक नाही.

म्हातारा घुटमळत चहाच्या गाड्याकडे जातो, तेवढ्यात मी तात्याला विचारतो, "मला दाखवाल?" तो हसतो आणि माझा हात टॉवेलाखाली ओढतो. त्याची बोटं खरखरीत, गरम. माझी तर्जनी धरतो, "ह्यो येक." दोन बोटं, तीन बोटं. "पाच म्हंजी आख्खा पंजा."

"आणि सहा?"

पंजा धरतो, सोडतो, लगेच तर्जनी धरतो.

"पण एक म्हणजे हजार की दहा हजार?"

"ते बोटाला कशाला इचारता पाव्हणं? बैल बगून कळतंय की."

आमच्या ऑफिसात मध्ये देहबोलीचं शिबिर झालं. शिकवणाऱ्याने फळ्यावर मोठ्या अक्षरात ९३ टक्के लिहिलं आणि इतका संवाद म्हणे शब्दांवाचून होतो. ते आकडे अल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतले. पण ते प्रयोग आवड-नावड सांगणाऱ्या सुट्या शब्दांवर आणि त्या वेळच्या आवाज-चेहऱ्यावर होते, सगळ्या बोलण्यावर नव्हते. इथे तर सगळं उलटंच. टॉवेलाखालच्या हाताला राग नाही, लोभ नाही, तो फक्त आकडा सांगतो, वाण्याच्या वहीसारखा. आपल्याकडे याला करपल्लवी असा गोड शब्द आहे. शेजारी नेत्रपल्लवीही आहे, पण या बाजारात तिच्यावर विश्वास ठेवू नये. इथले डोळे पन्नास वर्षं खोटं बोलायला शिकलेले.

मग खरं कुठे दिसतं? मी म्हाताऱ्याच्या पायांकडे बघत बसतो. तोंडाने तो "न्हेतो घरी" म्हणतोय, पण उजव्या पायाचा अंगठा मातीत खळगा करतोय आणि प्रत्येक फेरीला तो खळगा खोल होतोय. दाजींचं वेगळं. त्यांनी तंबाखू तिसऱ्यांदा मळलीय आणि एकदाही तोंडात टाकलेली नाही.

पलीकडे एका आदत खोंडाभोवती पोरांचा गराडा पडलाय, मोबाईल वर धरलेले. २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यतींना वाट करून दिली, तेव्हापासून पळणाऱ्या खोंडाचा तोराच निराळा. २०२२ साली जनावरांच्या लम्पी रोगाच्या साथीत बाजार बंद पडले होते, तेव्हा फोनवरून फोटो पाठवून सौदे व्हायचे. तात्याला ते आठवलं तरी राग येतो. "फोटूत बोट धरता येतंय व्हय?"

पाचवी फेरी. या वेळी तात्या दोघांनाही जवळ ओढतो, एकेका हातात एकेकाचा हात, दोन्हींवर तोच टॉवेल. ओरडणं बंद झालंय. मला वाटतं सौदा मोडला. पण आजूबाजूची माणसं एकदम पुढे सरकलीत, त्यांना ठाऊक आहे आवाज का थांबला ते. म्हाताऱ्याचा अंगठा खळग्यातच थांबलेला. तात्या दाजींचा पंजा खसकन म्हाताऱ्याच्या पंजावर आपटतो.

"दिला!"

विसार म्हणून पाचशेची नोट म्हाताऱ्याच्या मुठीत जाते. बाकीचे पैसे पाठ करून, धोतराच्या सोग्याआड मोजले जातात.

म्हातारा बैलाच्या गळ्यातली घुंगूरमाळ सोडतो. गाठ सुटत नाही. दाजींचा मुलगा मदतीला पुढे होतो, तर म्हातारा त्याच्याकडे न बघताच हात आडवा धरतो. शेवटी दाताने सोडतो. माळ घडी करून बंडीच्या खिशात घालतो आणि बैलाच्या वशिंडावर एकदा हात फिरवतो, केसांच्या उलट्या दिशेने. मग चालू लागतो. खिशात घुंगरं वाजू नयेत म्हणून वरून मूठ दाबलेली.

"काय पाव्हणं, कितीला बसला?" चहाच्या गाड्यावर एकजण विचारतो. दाजी ओठ पुढे काढून हनुवटी बैलाकडे उडवतात. तेवढ्यावर त्या माणसाचं समाधान होतं.

परतीला आम्ही टेम्पोत पुढे बसलोय. बैल मागे, नव्या कासऱ्यात. मी हळूच विचारतो, "दाजी, कितीला?" ते ड्रायव्हरकडे बघतात. थंडीची शाल पांघरलेलीच आहे, तिच्याखाली माझा हात चाचपून धरतात.

पंजा. सोडतात. तर्जनी.

थोडा वेळ काहीच नाही. मग चार बोटं एकदम.