दारावर नाव आले, कागदावर कधी?

परभणी जिल्ह्यातील कोणत्याही बौद्ध वस्तीत जा. स्लॅबचे छोटे घर, निळा रंग, चौकटीवर तथागतांची फरशी आणि तिच्याखाली ठळक अक्षरात नाव : 'रमाई', 'भीमाई', 'राजगृह'. ऊर भरून येतो. कारण आमच्या आजोबांच्या घराला नाव नव्हते. वस्तीला होते, तेही जातीचे!

जुन्या मराठवाडी गावाची रचना आठवा. मध्यभागी पाटील-देशमुखांचे वाडे. जाड भिंती, सागवानी माळवद, ओसरी, चौक. आणि गावकुसाबाहेर आमची कुडाची झोपडी. हा केवळ गरिबीचा प्रश्न होता काय? मुळीच नाही. अस्पृश्याने कौलारू घर बांधणे हादेखील गावाच्या दृष्टीने गुन्हाच होता, असे खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे छप्परही जातीने ठरवलेले! 27 जुलै 1978 रोजी विद्यापीठ नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमची घरे पेटवली गेली, त्यात आपला परभणी जिल्हाही होता. राग विद्यापीठाच्या नावाचा, जाळली घरे. घर हे माणसाच्या ताठ मानेचे चिन्ह असते, हे जाळणाऱ्यांना चांगले ठाऊक होते.

बाबासाहेबांना ते त्यांच्या आधी ठाऊक होते. परळच्या चाळीतील दोन खोल्यांत संसार करणाऱ्या या महामानवाने 1930 च्या दशकाच्या आरंभी दादरच्या हिंदू कॉलनीत, त्या काळच्या नव्या आखीव उपनगरात, स्वतःचे घर बांधले. ते बांधले मुख्यतः ग्रंथांसाठी. नाव दिले मगधाच्या प्राचीन राजधानीचे, राजगृह. माता रमाईंना त्या घरात फार दिवस लाभले नाहीत. 27 मे 1935 रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. आज शासनाची घरकुल योजना त्यांच्याच नावाने आहे. तिचे 269 चौरस फुटांचे घर आमच्या हजारो कुटुंबांचे पहिले पक्के घर ठरले.

पण मित्रांनो, भिंत आपली झाली. भिंतीखालची जमीन कोणाची?

मागे एका गावची मावशी माझ्याकडे आली. घरकुल मंजूर झालेले, पण जागा नावावर नाही म्हणून अडलेले. म्हणाली, "वकीलसायब, तीन पिढ्या इथंच मेल्या, आन् जागा तुमची न्हाई म्हन्तेत." हातात ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठचा उतारा. तो मालकीचा पुरावा नाही, घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे, हे तिला आजवर कोणी सांगितलेच नव्हते.

2020 साली स्वामित्व योजना आली. ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देणारी. चांगली गोष्ट. पण ती गावठाणातील घरांपुरती. आमच्या कितीतरी वस्त्या गावठाणाबाहेर, गायरानावर! दगडमातीचे गावकूस पडले, पण नकाशावरची रेघ शाबूत आहे. 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावाच्या सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. त्याचा धाक आपल्या लोकांना आजही दाखवला जातो. परंतु त्याच निकालात, शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जागांसाठी अपवाद ठेवला आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

तेव्हा बांधवांनो आणि भगिनींनो, दारावर नाव रंगवण्याआधी कागद तपासा. जुन्या घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले, मतदार यादीतील नोंदी जपून ठेवा. ग्रामसभेत उभे राहून जागेचा ठराव मागा. अर्ज तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या. कागदावर पतीबरोबर पत्नीचेही नाव लावा. ज्या घराला 'रमाई' म्हणता, त्या घरातील रमाई बेदखल का राहावी?

आणि हो, त्या 269 चौरस फुटांत पुस्तकांसाठी एक फळी जरूर ठोका. त्याशिवाय दारावरचे 'राजगृह' अपुरेच.