जपानी ऑनलाइन लिलावातून जुने पेन: पहिल्या खरेदीची पद्धत

याहू ऑक्शन्स हे जपानमधील सर्वांत मोठे लिलाव-संकेतस्थळ १९९९ साली सुरू झाले. अमेरिकेतील ईबे कंपनी पुढच्याच वर्षी तेथे उतरली, पण तिला २००२ मध्ये जपान सोडावे लागले. भारतात ईबेने २००४ साली बाझी डॉट कॉम विकत घेऊन बस्तान बसवले होते. ती भारतीय शाखा २०१८ मध्ये बंद झाली. त्यामुळे जुना कॅमेरा, घड्याळ किंवा शाईचे पेन लिलावातून हवे असलेल्या भारतीय ग्राहकाला बहुधा परदेशी संकेतस्थळाचाच रस्ता धरावा लागतो.

सुरुवातीला शाईचे पेन ही सोयीची वस्तू आहे. ते हलके असते, त्यात बॅटरी नसते आणि व्यवस्थित गुंडाळले तर प्रवासात सहसा मोडत नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत पायलट, सेलर आणि प्लॅटिनम या तीन जपानी कंपन्यांनी खिशात मावणारी आखूड पेने मोठ्या संख्येने बनवली. त्यांतील अनेकांची निब १४ किंवा १८ कॅरेट सोन्याची असते. ही पेने घरोघरच्या टेबलांच्या खणांतून निघून आजही लिलावात येत असतात.

याहू ऑक्शन्सवर थेट खाते उघडायला जपानमधला पत्ता आणि फोन क्रमांक लागतो. परदेशी ग्राहकाची खरेदी म्हणून मध्यस्थ कंपनीमार्फत होते; बायी, झेनमार्केट, फ्रॉम जपान ही त्यांतली परिचित नावे. त्यांचे काम मार्केट यार्डातल्या आडत्यासारखे असते: ग्राहकाच्या वतीने बोली लावायची, विक्रेत्याला पैसे द्यायचे, माल आपल्या गोदामात उतरवून घ्यायचा आणि पुढे रवाना करायचा. या प्रत्येक टप्प्याचे शुल्क वेगळे असू शकते. खाते उघडण्यापूर्वी तीन गोष्टी वाचाव्यात: प्रत्येक खरेदीमागे किती आकारणी होते, गोदामात माल किती दिवस मोफत राहतो आणि वस्तू सदोष निघाल्यास कंपनी कितपत जबाबदारी घेते. बहुतेक कंपन्या वस्तूच्या अस्सलपणाची हमी देत नाहीत.

पैसे भरण्यासाठी कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मार्च २०२० पासून नवी कार्डे केवळ देशांतर्गत एटीएम आणि दुकानातील वापरासाठी चालू करून मिळतात. ऑनलाइन आणि परदेशी वापर ग्राहकाने बँकेच्या ॲपमधून स्वतः सुरू करायचा असतो. येनचे रुपये करताना बँक विनिमय दरावर आपली आकारणी लावते. तीही हिशेबात धरावी.

यानंतरचे खरे काम म्हणजे विक्रीचे पान वाचणे. मध्यस्थ कंपन्या पानाचे यांत्रिक भाषांतर दाखवतात. त्यातून अंदाज येतो. परंतु वस्तूची अवस्था सांगणारे शब्द मूळ जपानीतून ताडून घ्यावे लागतात. ‘मिशियो’ म्हणजे न वापरलेले, ‘बिहिन’ म्हणजे वापरलेले पण देखणे. ‘दोसा मिकाकुनिन’ म्हणजे चालते की नाही हे तपासलेले नाही. ‘जंक’ असे लिहिले असेल तर वस्तू बिघडलेली आहे असे धरूनच किंमत ठरवावी. ‘नो क्लेम, नो रिटर्न’ हे वाक्य जुन्या वस्तूंच्या पानांवर सर्रास आढळते; नंतर तक्रार ऐकली जाणार नाही हे विक्रेत्याने त्यातून आधीच बजावलेले असते.

शब्दांइतकीच छायाचित्रेही बारकाईने पाहावी लागतात. पेनाच्या बाबतीत पहिली नजर निबवर जाते. तिची दोन टोके समोरून एका पातळीत आहेत का, टोकावरचा कठीण धातूचा मणी शाबूत आहे का, कडा वाकलेली आहे का, हे जवळून घेतलेल्या छायाचित्रात दिसते. तसे छायाचित्रच नसेल तर ती उणीव मानावी. दुसरी नजर टोपणाच्या काठावर टाकावी. केसाएवढी चीर बहुधा तिथेच पडते. तिसरी नजर अंगावर, कारण जपानी पेनांवर पूर्वीच्या मालकाचे नाव कोरलेले असणे नवलाचे नाही आणि त्याने किंमत उतरते. पायलटच्या अनेक निबांवर बारीक संकेतांक असतो: ‘एच’ हे अक्षर हिरात्सुका कारखान्याचे आणि पुढचे आकडे निर्मितीच्या महिन्या-वर्षाचे. ‘एच ६७४’ म्हणजे जून १९७४. विक्रेत्याने सांगितलेला काळ यावरून पडताळता येतो. शेवटी शाईची सोय पाहावी. तिन्ही कंपन्यांची कार्ट्रिज वेगवेगळ्या मापांची असतात, एकीचे दुसरीला बसत नाही. आखूड पेनांत तर बाटलीतली शाई ओढून घेणारा, कंपनीचाच प्रत्येक कन्व्हर्टर मावेल असेही नसते.

विक्रेत्याचे मूल्यांकनही पानावरच असते. एकूण गुणांपेक्षा वाईट शेरे कशाबद्दल आहेत हे वाचणे उपयोगाचे. उशिरा पाठवल्याची तक्रार आणि दोष लपवल्याची तक्रार यांना सारखे वजन देता येत नाही.

बोलीची रीत समजायला सोपी आहे. ग्राहक आपली कमाल रक्कम नोंदवतो आणि यंत्रणा गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. समजा, चालू किंमत ३,००० येन आहे आणि एकाने कमाल ८,००० येन नोंदवले. दुसऱ्याची कमाल ५,५०० असेल, तर किंमत ५,७५० वर थांबते. ५,००० ते १०,००० येनच्या टप्प्यात बोली किमान २५० येनने वाढते. १,००० येनच्या आत ही वाढ १० येनची, तर १,००० ते ५,००० मध्ये १०० येनची असते.

अनेक लिलाव जपानी वेळेनुसार रात्री संपतात. जपान भारतापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथले रात्रीचे दहा म्हणजे इथले संध्याकाळचे साडेसहा. शेवटच्या पाच मिनिटांत नवी बोली पडून किंमत वाढली, तर बहुतेक लिलाव आणखी पाच मिनिटे पुढे सरकतात, आणि ही मुदतवाढ पुनःपुन्हा होऊ शकते. त्यामुळे शेवटच्या सेकंदाला झडप घालण्याची युक्ती इथे फारशी चालत नाही. उलट प्रत्येक मुदतवाढीत ‘अजून थोडेसेच’ असे म्हणत ठरवलेली मर्यादा मोडली जाते. कमाल रक्कम शांतपणे आधी ठरवावी आणि एकदाच नोंदवावी. लावलेली बोली सहसा मागे घेता येत नाही.

ही कमाल रक्कम ठरवायची ती घरी पोहोचेपर्यंतच्या एकूण खर्चावरून. लिलावाची किंमत, विक्रेता दुकानदार असल्यास १० टक्के उपभोग कर, मध्यस्थाचे शुल्क, विक्रेत्यापासून गोदामापर्यंतचे टपाल, गोदामापासून भारतापर्यंतचे टपाल आणि भारतातील सीमाशुल्क, अशी ती बेरीज असते. स्वस्त पेनाच्या बाबतीत बाकीचे खर्च मिळून पेनाच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतात. दोन-तीन वस्तू गोदामात साठवून एकाच खोक्यात मागवल्या की परदेशी टपालाचा भार वाटला जातो.

सीमाशुल्काची आकारणी केवळ लिलावाच्या किमतीवर होत नाही. वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा यांची बेरीज हे शुल्कमूल्य. त्यावर सीमाशुल्क लागते आणि शुल्क मिळवून होणाऱ्या रकमेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर लागतो. हे दर वेळोवेळी बदलतात, म्हणून बोलीपूर्वी चालू दर पाहावेत. पाकिटावर ‘भेटवस्तू’ लिहून घेण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो घेऊ नये. ती खोटी घोषणा ठरते, शिवाय भेटवस्तूंची शुल्कमुक्त आयात डिसेंबर २०१९ मध्ये राखी आणि जीवरक्षक औषधे वगळता बंद झाली आहे. कुरिअर कंपनी ओळखपत्र मागते आणि मालाच्या खरेदीचा पुरावाही मागू शकते. पावती व पैसे भरल्याची नोंद जपून ठेवावी.

काही वस्तूंच्या वाटेला जाऊच नये. हस्तिदंत आणि कासवाच्या पाठीपासून केलेल्या वस्तू त्यांत येतात. वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यांच्या ने-आणीवर कडक निर्बंध आहेत. ड्रोन आणि ई-सिगारेट यांच्या आयातीला भारतात बंदी आहे. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवरही विदेश व्यापार धोरणात निर्बंध आहेत, म्हणून महाग किंवा मोठी वस्तू घेण्यापूर्वी सीमाशुल्क दलालाला विचारून घ्यावे. विकण्यासाठी माल मागवणे हा तर व्यापार झाला. त्याला आयात-निर्यात संकेतांक लागतो.

खोके हाती आले की उघडतानाच चित्रण करावे आणि वस्तू त्याच दिवशी पानावरील छायाचित्रांशी ताडून पाहावी, कारण तक्रारीची मुदत थोडी असते. जुन्या पेनात बहुधा वाळलेली शाई असते. ते साध्या, थंड पाण्यात भिजवून स्वच्छ करावे, गरम पाणी वापरू नये.

पहिली खरेदी लहान, स्वस्त आणि गेली तरी हळहळ वाटणार नाही अशा वस्तूची करावी. त्या एका व्यवहारात बोलीपासून सीमाशुल्काच्या पावतीपर्यंतचा प्रत्येक खर्च खऱ्या आकड्यांत कळतो, आणि पुढच्या बोलीची मर्यादा त्या आकड्यांवरून ठरवता येते.