सोलापुरातील तांब्याच्या मोडीची विक्री : प्रत, वजन आणि घट

बीजसंज्ञा : मोड, भंगार, आर्मेचर, घट, वैधमापन, निर्लेखन

प्रस्तावना :
वस्तू निरुपयोगी झाली की ती ‘मोडीत काढली’ असे आपण म्हणतो. तांब्याच्या बाबतीत मात्र मोडीत निघणे म्हणजे मूल्यहीन होणे नव्हे. मोडीचे तांबे वितळवून योग्य रीतीने शुद्ध केल्यास त्याची विद्युतवाहकता नव्या तांब्याइतकीच राहते. म्हणूनच जुना हंडा, घंगाळ किंवा बंब मोड म्हणून देऊन नवी भांडी घेण्याची प्रथा महाराष्ट्रात पूर्वापार चालत आली आहे. वस्तू जुनी झाली तरी तिचे मोल उरते, हे गृहिणींना ठाऊक होते. ते मोल विक्रेत्याच्या हाती पूर्णपणे का पडत नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उद्दिष्टे :
१. सोलापुरात तांब्याची मोड कोठून निर्माण होते हे पाहणे.
२. मोडीचा भाव ठरण्याची प्रक्रिया स्पष्ट करणे.
३. विक्रेत्याचे नुकसान कोणत्या टप्प्यांवर होते हे दाखवणे.

मोडीचे स्रोत :
१८७० च्या दशकात सोलापुरात कापड गिरणी उभी राहिली. पुढे गिरण्या बंद पडल्या, तरी चादर व टॉवेल विणणारे यंत्रमाग शहरात टिकून राहिले. यंत्रमाग मोटारीवर चालतो आणि मोटारीचे वेटोळे सामान्यतः तांब्याच्या तारेचे असते. ग्रामीण भागात भीमेवरील उजनी धरणामुळे सिंचन वाढले. नदी, कालवा, विहीर व कूपनलिका यांवर विद्युतपंप बसले. विजेचा दाब कमी-जास्त झाला किंवा एक फेज गेला की मोटार जळते. ती पुन्हा ‘भरून’ घेताना जुनी तार बाहेर निघते. याशिवाय घरातील भांडी, जुन्या वायरिंगच्या तारा आणि वातानुकूलन यंत्रांच्या नळ्या हेही मोडीचे स्रोत होत.

भाव कसा ठरतो :
तांब्याचा आंतरराष्ट्रीय भाव प्रामुख्याने १८७७ मध्ये स्थापन झालेल्या लंडन धातू बाजाराच्या आधारे ठरतो. भारतात २००३ पासून मुंबईतील एमसीएक्स या वायदे बाजाराचे दरही व्यापाऱ्यांसमोर असतात. डॉलरचा विनिमय दर आणि आयात शुल्क यांचाही त्यावर परिणाम होतो. तुतिकोरिन येथील तांबे प्रकल्प २०१८ मध्ये बंद झाल्यानंतर भारत शुद्ध तांब्याचा निव्वळ आयातदार बनला; त्यामुळे देशातील मोडीचे महत्त्व वाढले.

फेरीवाला, भंगार दुकानदार, घाऊक व्यापारी आणि धातू वितळवणारा कारखाना अशी या व्यापाराची साखळी असते. शुद्ध तांब्याच्या भावातून वितळवण्याचा खर्च, वाहतूक आणि प्रत्येकाचा नफा वजा होत होत मोडीचा भाव निघतो. ही वजावट रास्तच आहे. प्रश्न त्यापुढच्या वजावटीचा आहे.

प्रत, वजन आणि घट :
प्रत : स्वच्छ, चकचकीत, जाड व उघड्या तारेला चांगला भाव मिळतो. मोटारीच्या वेटोळ्यातील, लाखेचा थर जळालेल्या तारेला बाजारात ‘आर्मेचर’ म्हणतात. भांड्यांवर कल्हई, डाख व पाण्याचे क्षार असल्याने त्यांचा भाव वेगळा असतो. पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू असल्याने त्याचा भाव तांब्यापेक्षा कमी असतो. सर्व माल एकाच पोत्यात भरून नेल्यास संपूर्ण पोत्याला हलक्या प्रतीचा भाव लागण्याची शक्यता असते.

काही मोटारींत तांबूस रंगाचा लेप दिलेली ॲल्युमिनिअमची तार असते. ती कापल्यास आत पांढरी दिसते. शिवाय तेवढ्याच आकारमानाचे तांबे तिच्या तिपटीहून अधिक जड भरते. लोखंडावर तांब्याचा मुलामा असल्यास चुंबक ते उघड करतो.

अनेक विक्रेते तारेवरील प्लॅस्टिकचे वेष्टन जाळून टाकतात. त्यातून हायड्रोजन क्लोराइड व डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये बाहेर पडतात आणि तार काळवंडून तिची प्रतही उतरते. थोडी तार सोलून तांबे आणि वेष्टन वेगवेगळे तोलले, तर संपूर्ण मालात तांबे किती याचा अंदाज न जाळताच येतो.

वजन : वैधमापन अधिनियम २००९ नुसार व्यापारातील वजनकाटा पडताळलेला व मुद्रांकित असणे आवश्यक आहे. विक्रेत्याने काटा शून्यावर आहे ना, हे पाहावे आणि शक्य असल्यास माल अगोदर दुसरीकडे तोलून न्यावा.

घट : माती, लाख, डाख यांपोटी वजनातून काही टक्के कापले जातात. ही घट तोंडी ठरते, हेच तिचे मर्म आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १० किलो तांब्याच्या वजनात २०० ग्रॅमची मार बसली, उरलेल्या ९.८ किलोवर ५ टक्के घट धरली आणि प्रत उतरवून भाव १० टक्क्यांनी कमी लावला, तर विक्रेत्याला प्रत्यक्षात ८.३७९ किलोचेच पैसे मिळतात. एकेक वजावट किरकोळ भासते. परंतु एकूण नुकसान १६ टक्क्यांहून अधिक होते.

पंपधारक शेतकऱ्याची स्थिती याहून बिकट असते, कारण आपण तांबे विकत आहोत याची जाणीवच त्याला अनेकदा नसते. मोटार भरून देताना जुनी तार दुकानातच राहिली आणि तिची किंमत बिलातून वजा झाली नाही, तर ती विक्री विनामोबदलाच ठरते. जुन्या तारेचे वजन, तिला लावलेला भाव आणि वजा केलेली रक्कम या तीन गोष्टी बिलावर लिहून घेणे हाच यावरचा उपाय होय.

कायदेशीर बाजू :
तांब्याच्या किमतीमुळे शेतातील डीपी व केबलच्या चोऱ्या होतात. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३६ नुसार विद्युत तारा व साहित्याची चोरी, तर कलम १३७ नुसार असा माल अप्रामाणिकपणे स्वीकारणे हा गुन्हा आहे. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या पुरवठादाराकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने धातूचे भंगार घेतल्यास वस्तू व सेवा कर भरण्याची जबाबदारी खरेदीदारावर आली आहे. पावती ही प्रामाणिक विक्रेता आणि प्रामाणिक दुकानदार या दोघांचेही संरक्षण करते.

महाविद्यालये आणि निर्लेखन :
हा विषय प्राध्यापकांपासून दूर नाही. प्रस्तुत लेखक एका महाविद्यालयाच्या निर्लेखन समितीत असताना भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतील जळालेल्या मोटारी, रोहित्रे व वेटोळी लोखंडी भंगारासोबत एकाच दराने किलोवर विकली गेली. जडवस्तू संग्रह नोंदवहीत वस्तूंचे क्रमांक होते. धातूचा उल्लेख नव्हता. नियमाचा भंग झाला नाही, परंतु संस्थेचे तांबे लोखंडाच्या भावाने गेले. त्या ठरावावर लेखकाचीही स्वाक्षरी आहे.

निष्कर्ष :
तांब्याचा मूळ भाव ठरवणे सोलापुरातील विक्रेत्याच्या हाती नाही. प्रत, वजन आणि घट या बाबी मात्र त्याच्यासमोरच ठरतात. तेथे माहिती नसेल तर नुकसान अटळ आहे. निर्लेखनापूर्वी धातूनिहाय वर्गीकरण करावे, प्रत्येक धातूचे स्वतंत्र दर मागवावेत आणि वजनाची पावती दप्तरी ठेवावी. हीच शिस्त विद्यार्थ्यांना शिकवली, तर ती यंत्रमागाच्या शेडमध्ये आणि शेतातील विहिरीपर्यंतही पोहोचेल.