सस्पेन्शनचे बोल्ट लगेच का आवळायचे नाहीत?

1989 मध्ये आलेली माझदा एमएक्स-5 आज क्लासिक स्पोर्ट्स कार मानली जाते. बरेच हौशी लोक तिचं पुढचं सस्पेन्शन घरीच खोलून पुन्हा बसवतात. पण बोल्ट आवळायचे कधी, यावर सगळं अवलंबून आहे.

प्रत्येक चाकामागे वर-खाली असे दोन आर्म असतात आणि त्यांच्या सांध्यात रबरी बुश. बोल्ट आवळला की बुशमधली लोखंडी नळी पक्की होते. मग आर्म हलला की नळी फिरत नाही, रबर पिळलं जातं. गाडी उचललेली असताना आर्म खाली लटकतात. तेव्हाच बोल्ट आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कोडमध्ये गडबड झाली की बहुतेकदा एरर दिसते. इथे गाडी छान चालते, त्रास नंतर होतो.

म्हणून क्रम लक्षात ठेवा:

1. खोलण्याआधीच खालच्या आर्मच्या कॅम बोल्टवर खूण करून मोबाईलने फोटो काढा.
2. बसवताना बोल्ट आधी हलकेच लावा.
3. चाकांखाली भक्कम रॅम्प देऊन गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या.
4. मग टॉर्क रेंचने आवळा.
5. शेवटी व्हील अलाइनमेंट कराच.

आणि हो, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जाऊ नका!