पाठीवर कचरा वाहणारी अळी

उत्तर स्पेनमधल्या कांताब्रियात, एल सोप्लाओ इथे सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचं अंबर, म्हणजे झाडांची दगड झालेली राळ, सापडतं. त्यातल्या जेमतेम ४ मिलिमीटरच्या एका अळीला २०१२ साली ‘हॅल्युसिनोक्रायसा डायोजेनेसी’ हे नाव मिळालं. आपले कापूस उत्पादक ज्याला क्रायसोपा म्हणतात, त्या मावा खाणाऱ्या मित्रकीटकाची ही फार जुनी भाऊबंद.

नवी प्रजाती जाहीर करायची तर वेगळेपण अवयवागणिक दाखवावं लागतं. इथे ते पाठीवर आहे. आजच्या अळ्यांना आखूड उंचवटे असतात. हिच्या पाठीवर मात्र लांबच लांब नळ्या, त्यांवर केस आणि केसांची टोकं कर्ण्यासारखी पसरट. नळ्या-केसांच्या या टोपलीत तिने वनस्पतींची बारीक लव कोंबून भरली होती. ती बहुधा नेच्यांची असावी. ओझ्याखाली अळी दिसेनाशी व्हायची आणि शत्रूच्या तोंडी लवच लागायची.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की इथे देहासोबत वागणूकही टिकली. दगडातल्या जीवाश्मात हे ओझं केव्हाच विखुरलं असतं; चिकट राळेने ते पाठीवरच थिजवलं.

एक अडचण उरतेच. अळीचं रूप प्रौढापेक्षा पार निराळं असतं. त्यामुळे याच अंबरमध्ये पंख असलेला प्रौढ मिळाला, तरी तो हिचाच हे ठरवणं अवघड. म्हणून नाव अळीवरूनच दिलं गेलं.