सल्ल्याविरुद्ध

इस्लापूरहून पेशंट नांदेडला न्यायचा तर हिमायतनगर, भोकर करत जावं लागतं. जाताना गाडीतली माणसं एकमेकांना धीर देत असतात. परतताना कोणी बोलत नाही. आमच्या मोठ्या मायला झटका आला तेव्हा हा रस्ता मी दोन्ही बाजूंनी अनुभवला. आधी तिला एका खासगी दवाखान्यात शरीक केलं. दुसऱ्या दिवशी तिला मशीनवर ठेवलं. आठ दिवसांत कापसाचे पैसे संपले, मग पाटल्या मोडल्या, मग चुलत्यांनी दोन एकराचा विषय काढला. रोज संध्याकाळी एकच उत्तर मिळायचं, "प्रयत्न चालू आहेत." नवव्या दिवशी काउंटरवरून निरोप आला की अजून ठेवायचं तर डिपॉझिट भरा, नाहीतर सरकारीत न्या.

चुलत्यांनी एका छापील कागदावर सही केली. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, नातेवाइकांच्या इच्छेनं पेशंटला नेत आहोत, असा मजकूर होता. दवाखान्याच्या भाषेत याला 'डामा' म्हणतात. तो कागद मी अनेकदा आठवून पाहिला आहे. सल्ला कोणता होता? मोठी माय वाचणार की नाही, हे आठ दिवसांत कोणी सांगितलं नव्हतं. तरीही निर्णय आमचा ठरला, आणि माणूस सोडून दिल्याची बोच चुलत्यांच्या वाट्याला आली. ती अजून गेलेली नाही.

आयुष्याच्या शेवटच्या उपचारात नीतीचा प्रश्न मला इथं दिसतो. पैसे आहेत तोवर आशा दाखवली जाते, आणि पैसे संपले की तीच आशा 'नातेवाइकांची इच्छा' म्हणून बंद केली जाते. आजाराची अवस्था दोन्ही दिवशी तीच असते.

असे पेशंट जातात कुठं? ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या विष्णुपुरीतल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ जण दगावले. त्यातली १२ नवजात बाळं होती. अठ्ठेचाळीस तासांत आकडा ३१ वर गेला. औषधांचा आणि माणसांचा तुटवडा सगळ्या राज्यानं पाहिला. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. तेव्हा सरकारकडून एक मुद्दा मांडला गेला: दगावलेल्यांत खासगी दवाखान्यांतून अगदी शेवटच्या अवस्थेत पाठवलेले रुग्ण होते. काहींना ही पळवाट वाटली. विष्णुपुरीच्या त्या इमारतीतल्या उणिवा या मुद्द्यानं झाकल्या जात नाहीत, हे खरंच. पण मुद्दा खोटा नाही, हे आमच्या किनवट तालुक्यातलं कोणतंही घर सांगेल. मरण कुठं नोंदलं जाईल, हे आमच्याकडे बऱ्याचदा पैसा ठरवतो.

योजना नव्हती असंही नाही. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होतं. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव आहे. ऑपरेशन, डायलिसिस, किमोथेरपी यांचे दर तिथं ठरलेले आहेत, आणि तिनं कितीतरी जमिनी वाचवल्या. मात्र योजनेची सगळी रचना रुग्णालयातल्या उपचाराभोवती आहे. 'आता उपचार नको, घरी नीट सांभाळा' या निर्णयानंतर कुटुंबाला जे लागतं, ते त्या रचनेच्या बाहेर राहतं.

डॉक्टरांनाच सगळा दोष देऊन हा विषय संपत नाही. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशभरातल्या ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा कट प्रॅक्टिस आणि नको असलेले उपचार यांविषयी आतली माणसंच बोलली. २०१७ मध्ये राज्यानं कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही तयार केला, पण कायदा झाला नाही. दुसरी बाजू भीतीची आहे. "आता काही उरलं नाही" असं सांगणाऱ्या डॉक्टरवर जमाव धावून जातो. त्यासाठी २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला. म्हणून "प्रयत्न चालू आहेत" हे वाक्य डॉक्टरला सुरक्षित वाटतं. पण त्या वाक्याचं रोजचं भाडं पेशंटचं घर भरतं.

मरणाच्या हक्काची आपल्या देशातली मोठी चर्चा मुंबईत केईएम रुग्णालयात सुरू झाली. परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या नोव्हेंबरात त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत तिथं होत्या, आणि परिचारिकांनी त्यांना घरच्या माणसासारखं सांभाळलं. त्यांच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निष्क्रिय दयामरणाची वाट थोडी उघडली. पालिकेच्या त्या रुग्णालयात बिलाचा प्रश्न कधी उभा राहिला नाही. त्यामुळे त्या चर्चेत पैसा हा शब्दच फारसा आला नाही, असं मला वाटतं.

९ मार्च २०१८ च्या घटनापीठाच्या निकालानं सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. निरुपयोगी ठरलेले उपचार नकोत, असं माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो. आधी या कागदाला न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. २४ जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो साक्षांकित केला की पुरतं. मशीन काढायची वेळ आली की रुग्णालयाचं एक वैद्यकीय मंडळ आणि त्यावर दुसरं मंडळ मत देतं. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला डॉक्टर असतो. कागद लिहिलेला नसला तरी घरच्यांच्या संमतीनं याच वाटेनं जाता येतं. म्हणजे डामाच्या कागदाला कायदेशीर आणि माणुसकीचा पर्याय आहे. त्यात निर्णय डॉक्टर आणि घरचे मिळून घेतात, एकट्या चुलत्याच्या सहीवर तो पडत नाही. नांदेडला त्या आठ दिवसांत या पर्यायाबद्दल एक शब्दही आमच्या कानावर आला नाही.

आणखी एक गोष्ट मी गावात भेटेल त्याला सांगतो. जानेवारी २०२१ मध्ये राज्यानं नर्सिंग होम नोंदणीच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद घातली. उपचारांचे दर दवाखान्यात लावलेले असले पाहिजेत. बिल थकलं म्हणून प्रेत अडवता येत नाही. माती थांबवायचा अधिकार कोणालाच नाही.

मोठ्या मायला आम्ही सरकारीत नेलं नाही, घरी आणलं. ती चार दिवस जगली. उपकेंद्राची सिस्टर रोज संध्याकाळी यायची. कूस कशी बदलायची, ओल्या कापसानं ओठ कसे पुसायचे, पाठ कशी कोरडी ठेवायची, हे तिनं माझ्या बहिणीला शिकवलं. नातवंडं उशाशी बसायची. हे शिकवणं सिस्टरच्या नोकरीचा भाग होतं की नाही, मला माहीत नाही. डॉक्टर ज्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, ते आमच्या घरात तेवढंच आलं. वेदनेवर मॉर्फिनची गोळी महाग नसते. परवान्यांच्या जंजाळामुळे ती मिळायची नाही, म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलला. पण गोळी जिल्ह्याच्या गावापासून आमच्या वाडी-तांड्यापर्यंत यायला लिहून देणारा डॉक्टर आणि घरी येणारी सिस्टर लागते.

यंदा पेरण्या उरकल्यावर चुलत्यांनी मला किनवटला नेलं. आपलाही कागद करायचा म्हणाले. मजकूर मी लिहून काढला होता: मशीन नको, छातीत नळी नको, जमीन विकायची नाही. त्यांनी तो दोनदा वाचून घेतला, आणि सही करायच्या आधी एक ओळ वाढवायला सांगितली. "दुखलं तर दुखणं थांबवा, आणि खरं काय ते पोरांना सांगा."