ओमेगा सेंटॉरी मूळचा कुठला?

मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास, शहराच्या उजेडापासून दूर जाऊन दक्षिण क्षितिजाकडे पाहिलं, तर नरतुरंग तारकासमूहात एक धुरकट ठिपका दिसतो. हाच ओमेगा सेंटॉरी. टॉलेमीनं त्याची नोंद तारा म्हणून केली होती. प्रत्यक्षात तो आहे सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोळा, आपल्यापासून साधारण १७ हजार प्रकाशवर्षं दूर.

आपल्या आकाशगंगेभोवती असे दीडशेहून अधिक गोलाकार तारकागुच्छ आहेत. बहुतेकांचं वय १० ते १३ अब्ज वर्षं. आता, हे सारे आपल्याच घरचे का? काही आहेत. ओमेगा सेंटॉरी मात्र बाहेरून आला असावा, असं बहुतेक खगोलशास्त्रज्ञ मानतात.

तो आकाशगंगेच्या फिरण्याच्या उलट दिशेनं फिरतो, हा एक पुरावा. मला त्याहून पटतो तो लोहाचा. विश्वाच्या आरंभी लोह नव्हतंच. ते ताऱ्यांमध्ये घडतं, ताऱ्यांच्या स्फोटांतून उधळलं जातं आणि पुढच्या पिढीच्या ताऱ्यांत उतरतं. साध्या गुच्छाचं गुरुत्वाकर्षण तोकडं. स्फोटातला वायू त्याच्या हातून निसटतो, म्हणून त्यातल्या ताऱ्यांत लोहाचं प्रमाण जवळपास सारखंच राहतं. ओमेगा सेंटॉरीतल्या ताऱ्यांत मात्र ते अनेक पटींनी कमी-जास्त आहे. म्हणजे तिथं ताऱ्यांच्या अनेक पिढ्या झाल्या आणि वायू धरून ठेवणारं मोठं घर तेव्हा भोवती होतं. हे घर म्हणजे एक बटू दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखीच पण पुष्कळ लहान. आकाशगंगेनं तिचे बाहेरचे तारे ओरबाडून घेतले, उरला तो गाभा.

हे सारं नुसतं तर्काचं, असं कुणी म्हणेल. पण अशी लूट आजही चालू आहे. १७७८ मध्ये शार्ल मेसिए यांनी धनू राशीत एक गुच्छ शोधला, मेसिए ५४. पुढं १९९४ मध्ये त्याच दिशेला एक बटू दीर्घिका सापडली, आकाशगंगेच्या ओढीनं फाटत चाललेली. मेसिए ५४ नेमका तिच्या मध्यभागी बसला आहे!

बरं, दीर्घिकेच्या गाभ्यात बहुधा कृष्णविवर असतं. ओमेगा सेंटॉरीत ते आहे का? २०२४ मध्ये हबल दुर्बिणीच्या वीस वर्षांच्या छायाचित्रांतून त्याच्या केंद्राजवळ विलक्षण वेगानं धावणारे सात तारे सापडले. त्यांना आवरून धरायला तिथं किमान ८,२०० सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर हवं.